हळदीच्या पाण्यातला जोतिराम

मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका खुर्च्यांवर, पुरुष भिंतीला टेकून, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडक्यांचे गज धरून उभे. एप्रिलचं सोलापूर. सकाळी अकरालाच पत्रा तापला होता आणि पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. पण जागचं कुणी हलत नव्हतं, कारण समोर व्यासपीठावर कोरे महाराज बसले होते.

कोरे हे त्यांचं आडनाव नव्हे. देव त्यांच्याशी कोऱ्या कागदावर बोलतो, म्हणून कोरे. भक्तानं तोंड उघडायचं नाही, नुसतं हात जोडून उभं राहायचं. महाराज शेजारच्या लाल पेटीतून एक पांढरा कागद काढणार, उलटासुलटा करून लोकांना दाखवणार, हळदीच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावरून फिरवणार, आणि बघता बघता पिवळ्या कागदावर लाल अक्षरं उमटणार. भक्ताच्या मनातलं दुःख, साक्षात देवाच्या हस्ताक्षरात! देवाचं अक्षर जरा गिचमिड होतं आणि ऱ्हस्व-दीर्घाचं देवाला सोयरसुतक नव्हतं, पण एवढं कोण बघतो?

"टोकन नंबर एकोणीस! सारजाबाई!" महाराजांचा शिष्य महेश्वर माइकवरून ओरडला.

साठीच्या सारजाबाई पुढे आल्या. जन्मभर विड्या वळून बोटं वाकलेली. महाराजांनी डोळे मिटले, बोळा फिरवला आणि कागद वर धरला. 'छातीत गाट'.

सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आगं आई! मी घरात सुनंला बी सांगितलं न्हाय वो!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शंभरेक फोन वर गेले.

"माय," महाराज गहिवरून म्हणाले, "ही गाठ मांसाची नव्हे, कर्माची आहे. कर्माच्या गाठीला कात्री चालते का? लोखंड लागलं की एकीच्या सात होतील. डॉक्टरचं लोखंड लावून घेऊ नकोस. एकवीस दिवस अंगारा लाव."

"व्हय महाराज," सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

व्यासपीठावरच्या तिसऱ्या खुर्चीत प्रभागाची नवी नगरसेविका बसली होती, धम्मप्रिया शिवशरण. सत्काराची शाल अजून तिच्या खांद्यावर होती आणि भर उन्हाळ्यात तिच्या अंगावर काटा आला होता. सारजाबाईंच्या गाठीबद्दल तिला आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या बुधवारी त्यांची सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया व्हायची होती. ती तारीख तिनंच तीन खेपा घालून मिळवली होती.

धम्मप्रिया राजकारणात आली ती आरक्षणामुळे. त्याआधी बारा वर्षं ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासत होती. निवडणुकीची तयारी चालली होती ती तिच्या धाकट्या भावाची, प्रदीपची. तीन वर्षं त्यानं वसाहतीतला एक वाढदिवस सोडला नव्हता की एक मयत चुकवली नव्हती. मग सोडत निघाली आणि प्रभाग महिलांसाठी राखीव झाला.

"ताई, तू उभी राहा," प्रदीप म्हणाला होता. "नाव तुझं, काम माझं."

ती हसली होती. तिला वाटलं, तो थट्टा करतोय.

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि प्रदीप पंधराचा. तिनं नोकरी धरली, त्याला शिकवलं, त्याची पहिली मोटारसायकल घेऊन दिली. निवडणुकीत त्यानं तिच्यासाठी रक्ताचं पाणी केलं, यात शंका नाही. तिचे व्हिडिओ, तिचं फेसबुकचं पान, वसाहतीतल्या गल्लीगल्लीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळं त्याच्याच हातचं. ती निवडून आली आणि सगळा प्रभाग तिला ताई म्हणू लागला, पण ती खरी ताई एकट्या प्रदीपची.

महापालिकेच्या पहिल्या सभेला प्रदीप फाइल घेऊन तिच्या आधी पोहोचला. ती म्हणाली, "दे इकडं, मी वाचते." ती आत गेली आणि तो फाटकाशी थांबला. बाहेर आल्यावर तिला त्याचा चेहरा उतरलेला दिसला. ऊन लागलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

नगरसेवकाच्या नावाचे फलक मोठे असतात आणि अधिकार लहान, हे तिला महिन्याभरात कळलं. नळाला पाचव्या दिवशी पाणी येई, तेही कधी पहाटे, कधी भरदुपारी. लोक तिला फोन करत, ती अभियंत्याला करी, आणि अभियंता फोन उचलत नसे. तरी तिनं एक चांगलं काम सुरू केलं. मोबाइलवर भरायचा एक तक्रार अर्ज काढला. वर ठळक लिहिलं, 'तुमची अडचण फक्त ताईंपर्यंत राहील.' ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा अर्ज ती स्वतः भरून घेई. लोकांनी गटारीपासून सुरुवात केली आणि मग हळूहळू मनातलं लिहू लागले. दारुडा नवरा, सुटलेली नोकरी, न सांगता येणारी दुखणी. हे अर्ज दोनच फोनवर दिसत, तिच्या आणि प्रदीपच्या.

मार्चमध्ये तिची एक चित्रफीत शहरभर फिरली. कोपऱ्यावरच्या बैठकीत ती म्हणाली होती, "पाणी देणं माझ्या हातात नाही, असं सांगून मी हात झटकणार नाही." फिरली ती पहिल्या पाच शब्दांची. 'पाणी देणं माझ्या हातात नाही.' त्याखाली हजारभर शिव्या. त्यात तिच्या जातीचा उद्धार होता, तिच्या रूपाचा होता, मेलेल्या आईचाही होता. चार दिवस ती फोन उघडायला घाबरत होती. प्रदीप म्हणाला, "सोशल मीडिया असंच असतं, ताई. लोकांना खूश ठेवायला शीक. कोरे महाराजांच्या कार्यक्रमाला ये. मी हो म्हणून सांगितलंय."

अशी ती त्या खुर्चीत येऊन बसली होती.

अक्षरांचं कोडं घरी पोहोचेपर्यंतसुद्धा टिकलं नाही. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही? धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं कागदावर लिहायचं आणि वाळवायचं. कागद कोरा दिसतो. हळद फिरवली की अक्षरं लाल. म्हणजे अक्षरं आदल्या दिवशीच लिहिलेली असतात. आणि टोकनसाठी आदल्या दिवशी नाव आणि मोबाइल नंबर कळवावा लागतो, 'गर्दी होऊ नये म्हणून.' इथवर सगळं सरळ होतं. पण नावावरून गाठ कशी कळली?

"सारजाबाईच कुठं बोलल्या असतील," प्रदीप जेवताना म्हणाला. "आणि ताई, लोकांच्या श्रद्धेत हात घालू नकोस. पुढच्या वेळी डिपॉझिट जाईल."

बुधवारी सारजाबाई दवाखान्यात आल्या नाहीत. धम्मप्रिया त्यांच्या घरी गेली. त्या सुपात तेंदूची पानं घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, आज तारीख होती."

"लोखंड लावायचं न्हाय म्हनलेत."

"अहो, तो कागद आधी लिहिलेला असतो. मी तुम्हाला घरी करून दाखवते."

"लिहिलेला आसंल की. पर माज्या छातीतलं त्येनला कुनी सांगितलं? मी तुज्याबिगर कुनाला बोलले न्हाय. तू व्हय सांगनार?" सारजाबाई विश्वासानं हसल्या. "म्हंजी देवानंच सांगितलं."



तीन आठवडे गेले. एका दुपारी प्रतिक्षा तिच्या कार्यालयात आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, वसाहतीतली हुशार मुलगी. ती बसली नाही.

"ताई, मी कॉलेजच्या रस्त्यावर एक मुलगा त्रास देतो म्हणून अर्ज भरला होता. तुम्ही पोलिसांत तोंडी सांगितलंत, तो बंदही झाला. मग तुम्ही हे महाराजांना का सांगितलंत?"

"मी? काय सांगितलं?"

"आई गुडघ्यांसाठी टोकन घेऊन गेली होती. तिच्या कागदावर आलं, 'मुलीच्या मागं मुलगा.' चारशे लोकांपुढं. त्याचा व्हिडिओ पप्पांच्या ग्रुपवर आला. माझं कॉलेज बंद केलंय. घरात कुणालाच माहीत नव्हतं, ताई. मैत्रिणीलाही नाही. फक्त तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं."

प्रतिक्षा गेल्यावर धम्मप्रियानं फोन काढला आणि ती पाच शब्दांची चित्रफीत पहिल्यांदाच नीट पाहिली. शिव्या वगळून, नुसतं चित्र. ते डावीकडून, खाली बसून घेतलेलं होतं. त्या बैठकीत तिच्या डावीकडे पायरीवर एकच माणूस बसला होता, आणि शूटिंगही तोच करत होता.

माणसाचं मन मोठं वेडं. समोर पुरावा असूनही ते पळवाट शोधतं. कुणी प्रदीपचा फोन बघितला असेल. कुणी पासवर्ड चोरला असेल. लॅबमध्ये एखाद्याचा वाईट अहवाल आला की ती तपासणी दुसऱ्यांदा करी. तसंच तिनं केलं. या खेपेला मात्र तपासणी खोटी ठरावी, अशी तिची फार इच्छा होती.

लॅबमधली तिची जुनी मैत्रीण सुकन्या कुंभारी गावची. सुकन्याची आई मायाक्का हयातभर शेरडं-मेंढरं राखलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. मंगळवारी धम्मप्रियानं स्वतःच एक अर्ज भरला. नाव मायाक्का, मोबाइल नंबर सुकन्याच्या जुन्या सिमचा, आणि अडचण : 'मुलगा जोतिराम तीन वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला. वेळापूरला दिसला म्हणतात. शोधायला मदत हवी.' प्रदीपला ती एका शब्दानं बोलली नाही. शनिवारी त्याच नंबरावरून महाराजांचं टोकन घेतलं.

रविवारी कार्यालय पुन्हा गच्च भरलं. धम्मप्रिया व्यासपीठावर होती. प्रदीप पहिल्या रांगेपुढे उभा राहून कार्यक्रम फोनवर थेट दाखवत होता.

"टोकन नंबर सात! मायाक्का!"

मायाक्का हात जोडून उभ्या राहिल्या. महाराजांनी कागद उलटासुलटा दाखवला. धम्मप्रिया मनात म्हणत होती, कोरा राहू दे. काहीही येऊ दे, गुडघे येऊ दे, करणी येऊ दे, ते नाव नको.

बोळा फिरला. 'जोतीराम'. त्याखाली 'वेळापुर'.

लोकांच्या तोंडून एकदम "आहाहा" निघालं. सगळ्या सभागृहात चमत्कार न दिसलेली ती एकटीच होती, आणि सगळ्यांत जास्त हादरलेलीही तीच.

"माय," महाराजांनी सूर लावला, "तुझ्या काळजाचा तुकडा तुटला. तीन वर्षं झाली. जोतिराम रुसून गेला. वेळापूरच्या दिशेला मला त्याची सावली दिसते आहे..."

"जोतिराम कोन?" मायाक्कांनी विचारलं.

"तुझा मुलगा, माय."

"मला मुलगाच न्हाय की वो. तीन पोरी हायत. तिनी बी चांगल्या नांदत्यात."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. महाराजांचा एक डोळा उघडला. पण गडी कसलेला होता. "या जन्मीचा नव्हे, माय! मागच्या जन्मीचा."

"आसं व्हय? मागच्या जन्मीचा त्यो, मग तीन वर्सांमागं कसा गेला? आन् रुसून वेळापूरलाच का बसलाय?"

आता हशा पिकला. महेश्वर माइककडे धावला, पण धम्मप्रिया आधी पोहोचली होती.

"जोतिराम या जगात नाही," ती म्हणाली. "तो मी जन्माला घातला. मंगळवारी दुपारी, माझ्या फोनवर."

तिनं एका बाईला वर बोलावलं, कोरा कागद दिला आणि सोबत आणलेल्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. कागद हातपंख्यानं वाळवला. मग महाराजांच्याच वाटीतला हळदीचा बोळा फिरवला. बाईचं नाव लालभडक उमटलं. "हे देवानं लिहिलं का तुम्ही?" तिनं विचारलं. बाई आपलं बोट निरखत राहिली.

दोन-तीन तरुण लाल पेटीवर झडप घालायला निघाले. "आम्ही पण बघतो! पुढचे कागद भिजवा!"

"हात लावू नका!" धम्मप्रिया ओरडली. "त्यात तुमच्याच घरातलं लिहिलेलं आहे. आधीच पुष्कळ फुटलंय. पेटी पोलिसांकडे जाईल."

"मग ह्येनला समजतं कुटनं?" सारजाबाई दुसऱ्या रांगेतून उठल्या होत्या.

आता तिला थांबता आलं असतं. महाराज उघडे पडले होते. कुठून समजतं ते पोलीस शोधतील, असं म्हणून खाली उतरता आलं असतं. तिनं प्रदीपकडे पाहिलं. त्याचा फोन खाली आला होता.

"तुम्ही माझ्या अर्जात जे लिहिलं, ते इथं कागदावर येतं," ती म्हणाली. "ते अर्ज दोन फोनवर दिसतात. एक माझा. दुसरा माझ्या भावाचा. जोतिरामबद्दल माझ्या फोनवरून मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही विश्वासानं सांगितलं आणि ते माझ्या घरातून बाहेर गेलं. मी तुमची गुन्हेगार आहे. मला माफ करा."

टाळ्या वाजल्या नाहीत. "मग म्हाराजापरास तूच मोठी चोर की!" एक बाई ओरडली, आणि शंभरेक फोन पुन्हा वर गेले. महाराजांची गाडी केव्हाच मागच्या दारानं निघून गेली होती. दुपारपर्यंत शहरभर एकच ओळ फिरली, 'नगरसेविकेच्या घरातूनच माहितीची चोरी.' या खेपेला ती ओळ कुणी तोडलेली नव्हती. ती खरी होती.

प्रदीप घरीच सापडला. तो पळाला नव्हता.

"तू मानतोस त्या महाराजाला?" तिनं विचारलं.

"मी कशाला मानीन? विहारात आपण दोघं काय शिकलो, ते माझ्या लक्षात आहे. लोक मानतात."

"मग का?"

"तुझ्याविरुद्ध पडलेल्या बाईच्या पक्षानं शब्द दिलाय, महाराजांचे कार्यक्रमही त्यांचेच. तू बदनाम झालीस, घरी बसलीस, की पुढच्या वेळी मी." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तीन वर्षं मी राबलो, ताई. चिठ्ठी निघाली आणि तू खुर्चीत बसलीस. बसलीस तर बसलीस, मला फाटकाबाहेर उभं केलंस. लोक विचारायचे, प्रदीप, हल्ली काय करतोस?"

"मला सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. ती पाच शब्दांची चित्रफीतही तूच?"

त्यानं हातातला फोन पालथा केला.

"त्यात आईला शिव्या होत्या, प्रदीप. तुझीही आई होती ती."

"ते मी नाही लिहिलं. लोकांनी लिहिलं."

"आणि सारजाबाई मेल्या असत्या तर तेही लोकांनीच केलं असतं?"

प्रदीपनं मान वर केली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. गाठीचा विचार त्यानं गाठ म्हणून कधी केलाच नव्हता. त्याच्या लेखी ती नुसती एक ओळ होती, पुढे पाठवायची.

धम्मप्रिया पोलीस ठाण्यात गेली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. महाराज आणि महेश्वर यांची नावं लिहून ती तिसऱ्या नावाशी थांबली, तेव्हा हवालदार म्हणाला, "मॅडम, भावाचं राहू द्या. घरातलं घरात मिटवा." तिनं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ते नाव तिचंही होतं.

सारजाबाईंना सुनेनं दवाखान्यात नेलं. महिन्यापूर्वी गाठ तेवढी काढून भागलं असतं, आता स्तनच काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी धम्मप्रिया भेटायला गेली.

"महाराजावर माजा राग न्हाय," सारजाबाई छताकडे बघत म्हणाल्या. "त्यो परका. मी तुला सांगितलं हुतं गं."

धम्मप्रिया बराच वेळ खाटेशेजारी उभी राहिली. सारजाबाईंनी तिला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

प्रतिक्षाच्या वडिलांकडे ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी त्यांनी दार उघडलं. मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ लागली, पण रस्त्यात धम्मप्रिया दिसली की ती दुसऱ्या बाजूनं जाते.

महाराज दोन जिल्हे ओलांडून सापडले. मोबाइलवरचा तक्रार अर्ज धम्मप्रियानं बंद केला, पोलिसांनी प्रत घेतल्यावर जमा झालेलं सगळं पुसलं, आणि जूनच्या पहिल्या रविवारी वसाहतीच्या समाजमंदिरात सभा बोलावली. अकरा बायका आल्या.

"मी भाषण करणार नाही," ती म्हणाली. "तीनच गोष्टी सांगते. अंगात गाठ लागली तर डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात जा. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर हात जोडायच्या आधी आठवा, हे मी कुणाला सांगितलं होतं? मनातलं ओळखता येत नाही कुणाला. ते कुणीतरी सांगितलेलं असतं, लिहिलेलं असतं, फोनवर पाठवलेलं असतं. आणि कुणाचंही बोलणं फोनवर आलं, तर ते पुरं ऐकल्याशिवाय पुढं ढकलू नका."

"आन् तुमच्यावर इस्वास ठेवायचा का न्हाय?" एकीनं विचारलं.

"नुसत्या शब्दावर ठेवू नका. मी निवडून आले म्हणून नाही, ताई म्हणता म्हणून नाही. विचारा, पुरावा मागा, मग ठरवा."

"मग सांगा की. तुमच्या भावाचं काय केलं?"

धम्मप्रियानं पिशवीतून तक्रारीची प्रत काढली आणि त्या बाईच्या हातात दिली. बाईनं ती उलटसुलट करून पाहिली, शिक्का पाहिला, नावं बोटानं शोधून मोठ्यानं वाचली. मग कागद शेजारणीकडे दिला. असा तो अकरा हातांतून फिरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसरीकडून वाचून घेतला, आणि खात्री पटेपर्यंत पुन्हा वाचायला लावला.